खिशातला हात

आधीच सांगून टाकते, मी तापट आहे. घरातल्यांना हे सांगावं लागत नाही, पण तुमची-माझी ओळख नवी. लग्नाआधी दोन नोकऱ्या माझ्या तोंडापायी गेल्या, लग्नानंतर तिसरी. तिसरी गेली त्या दिवशी मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. सासरे दारात येऊन उभे राहिले, जरा वेळ तो कार्यक्रम ऐकला आणि म्हणाले, "ठिणगे, भांड्यांनी काय घोडं मारलंय तुझं? खाली दुकानात ये. मशीनवर हवं तेवढं ओरड, ते मनाला लावून घेत नाही."

तेव्हापासून मी ठिणगी. सतरा वर्षं झाली.

दुकान म्हणजे घराखालची लांबट खोली. रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, जे बोलायचं बंद झालंय ते सगळं आमच्याकडे येतं. भिंतीला लागून टेबल, टेबलावर सोल्डरिंगच्या राळेचे काळे डाग, वर फळीवर बिस्किटांचे रिकामे डबे आणि प्रत्येक डब्यावर बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, ठसठशीत अक्षरात आत काय आहे ते लिहिलेलं. एका डब्यावर लिहिलंय, 'कशाचे ते आठवत नाही'. त्या डब्यानं मला आजवर तीनदा तारलंय.

पहिल्या दिवशी बाबांनी मला मीटर धरायला शिकवलं नाही की सोल्डरिंग शिकवलं नाही. हात खिशात घालायला शिकवलं. "चालू मशीनमध्ये हात घालायचा तो एकच. दुसरा खिशात. करंट एका हातातून शिरला आणि दुसऱ्यातून बाहेर पडला, तर वाटेत काय लागतं?"

"छाती," मी म्हणाले.

"मग त्याला वाटच ठेवायची नाही."

माझ्या कुर्त्यांना खिसेच नव्हते. संध्याकाळी हे गृहस्थ माझे पाच कुर्ते पिशवीत घालून शिंप्याकडे गेले. शिंप्यानं विचारलं म्हणे, सुनेला खिसे कशाला? बाबा म्हणाले, "डाव्या बाजूला शिव, आणि चांगला खोल शिव. तिचा जीव ठेवायचाय त्यात." हे मला शिंप्यानं नंतर सांगितलं. बाबांनी कधी सांगितलं नाही.

आठ महिन्यांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागले, आणि एवढ्या सगळ्या शब्दांतून एकच शब्द शिल्लक राहिला. हो. चहा हवा का? हो. नको का? हो. डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, तुम्ही दवाखान्यात आहात का?" हो. "घरी आहात का?" हो. "तुम्ही बाई आहात का?" हो. तेव्हा ताई बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून रडल्या. ताई म्हणजे माझी नणंद, बाबांची थोरली.

आमचे साहेब बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने घरी नसतात. बाबांचं पुढे काय करायचं, असं मी फोनवर विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही दोघी मिळून ठरवा," आणि रेंज गेली. त्यांची रेंज नेमकी अशाच वेळी जाते.

तर दोघींनी ठरवलं. म्हणजे ताईंनी ठरवलं. त्यांनी एक केंद्र शोधलं होतं. अशा रुग्णांना कायमचं सांभाळतात, नर्स आहेत, बाग आहे. ताई वाईट नाहीत हो, अजिबात नाहीत. दर आठवड्याला दोन तासांचा प्रवास करून येतात, बाबांची नखं कापतात, घर आवरतात. मागच्या आठवड्यात आल्या त्या पिशवीभर एलईडी दिवे घेऊन. जिना, न्हाणीघर, दुकान, दिसेल तिथला जुना बल्ब काढला आणि नवा लावला. बाबा पाय ओढत त्यांच्या मागे मागे, हो, हो, हो. "बघ, बाबांनाही पटलं," ताई म्हणाल्या. मी वर पोळपाट-लाटणं घेऊन बसले होते, मी कशाला बघतेय.

जाताना त्या मला म्हणाल्या, "शनिवारी चारला गाडी घेऊन येते. त्यांचे कपडे भरून ठेव."

"ताई, त्यांना कळतं सगळं."

"कशावरून?"

मी कणकेचे हात पुसायला लागले.

"अगं, तू त्यांना उघड्या तारांजवळ बसवतेस. कळत नसलेल्या माणसानं उद्या कुठे हात घातला म्हणजे? तुझा जीव आहे त्यांच्यावर, मला दिसत नाही का? पण जीव असून काय उपयोग?"

एरवी मी भांडी आपटली असती. खरं सांगू, मलाही खात्री नव्हती. रोज सकाळी मी त्यांना खाली आणून खुर्चीत बसवायची आणि दिवसभर त्यांच्याशी बोलायची, हा डायोड गेलाय, ही वायर तुटलीय. ते हो म्हणायचे. वर गेल्यावर मी भिंतीला विचारायची, ऐकलं का त्यांनी? भिंत तरी हो म्हणत नाही, तेवढाच दिलासा.

शनिवार उजाडला. कपडे भरले, पिशवी जिन्याच्या पायरीवर ठेवली आणि कामाला बसले, कारण हात रिकामे ठेवले असते तर मी काहीतरी फोडलं असतं. टेबलावर नाचाच्या क्लासचा अ‍ॅम्प्लिफायर होता. हा बाबांनी स्वतः बांधलेला, मी या घरात यायच्याही आधीचा. ट्रान्सफॉर्मरसुद्धा त्यांनी हातानं गुंडाळलेला, एकेक वेढा मोजून. चालू केला की फ्यूज उडत होता. क्लासच्या बाईंचा सकाळपासून तिसरा फोन आला होता. "अहो, मुली टाळ्यांवर नाचतायत आणि टाळ्या मी वाजवतेय. माझे तळहात सोलले. संध्याकाळपर्यंत होईल ना?"

"होईल, होईल," मी म्हणाले.

दोष सरळ होता. लाइनमधून येणारी वीज ट्रान्सफॉर्मर कमी करतो, डायोड तिला एका दिशेला वळवतात आणि दोन मोठे कपॅसिटर तिला साठवून शांत करतात. इथे एक डायोड शॉर्ट झाला होता आणि एक कपॅसिटर डोक्यावर फुगला होता. दोन्ही बदलले. सांधे साफ केले. नवा फ्यूज घातला. मग अ‍ॅम्प्लिफायरची पिन सिरीज बोर्डात लावली.

हा बोर्ड म्हणजे बाबांचा लाडका. लाकडी फळीवर एक बल्ब, एक बटण, एक सॉकेट. दुरुस्त केलेलं मशीन एकदम लाइनवर लावायचं नाही, आधी या बल्बमधून वीज द्यायची. आत अजून शॉर्ट असला तर बल्ब भगभगीत पेटतो आणि मशीन वाचतं. सगळं ठीक असलं तर बल्ब क्षणभर चमकतो आणि मंद होतो. डोळ्यांना त्रास नको म्हणून बाबांनी बल्बावर पत्र्याचा डबा बसवलाय, त्याला पुढून फक्त एक फट. गेली सतरा वर्षं ती फट मला सांगते, पोरी पास की नापास.

बटण दाबलं. फट उजळली आणि उजळलेलीच राहिली.

"हो," बाबा खुर्चीतून म्हणाले. डावा हात बोर्डाकडे करून. "हो! हो!"

"दिसलं मला, बाबा. शॉर्ट आहे अजून."

सगळं पुन्हा मोजलं. नवे डायोड चारही ठीक. कपॅसिटर ठीक. ट्रान्सफॉर्मरच्या पुढची सगळी जोडणीच सोडवली, आता लाइनवर एकटा ट्रान्सफॉर्मर. बटण दाबलं. फट उजळलेली.

"हो! हो!" बाबा खुर्चीचा हात आपटायला लागले.

"अहो, दिसतंय मला! आंधळी नाही मी!"

मी ओरडले. आठ महिन्यांत त्यांच्यावर पहिल्यांदा ओरडले, तेही नेमकं ते जायच्या दिवशी. त्यांचा चेहरा पडला. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली, पण दीड वाजून गेला होता. पुढे काहीच जोडलेलं नाही आणि तरी बल्ब पेटतोय, याचा अर्थ एकच. ट्रान्सफॉर्मर आतून जळला. बाबांनी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर. तो दुरुस्त होत नाही, सोडवून पुन्हा गुंडाळावा लागतो, आणि ते काम घरात एकाच माणसाला येत होतं.

तिथे मी मोडले. स्टुलावर बसून ढसाढसा रडले. म्हटलं, घ्या, एकाच दिवशी सगळं चाललंय घरातून. डोळे पुसले, पक्कड उचलली आणि ट्रान्सफॉर्मरच्या वायरी कापायला वाकले. बोर्डाचं बटणही बंद केलं नव्हतं. बघा, सतरा वर्षांची कारागीर, आणि जिवंत वायर कापायला निघालेली.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा उठले होते, एकटे, काठीशिवाय. टेबलाला कंबर टेकवत टेकवत ते माझ्याजवळ आले. मग त्यांनी जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांनी डाव्या हातानं आपला उजवा हात मनगटाला धरून उचलला. तो हात आठ महिने नुसता लोंबत होता, त्याला सुईसुद्धा कळत नव्हती. तो त्यांनी हळूहळू, एकेक बोट आत ढकलत, सदऱ्याच्या खिशात घातला. नीट बसला की नाही ते खाली वाकून पाहिलं. आणि मगच डावा हात टेबलाकडे नेला.

पहिलं त्यांनी बटण बंद केलं. मग माझ्या हातातली पक्कड काढून घेतली. मग पुन्हा बटण चालू केलं, फट उजळली, आणि माझं मनगट धरून त्यांनी माझा तळवा त्या पत्र्याच्या डब्यावर दाबला.

मी किंचाळले. सकाळपासून पेटणाऱ्या बल्बावरचा डबा, कातडी सोलून निघणार! पण डबा गार होता. आत तांब्याभर पाणी भरून ठेवलेलं असावं तसा गार.

"हो," बाबा म्हणाले. अगदी हळू.

डबा उचलला. आत पांढराशुभ्र, गोल, नवाकोरा एलईडी दिवा. ताईंनी दिसेल तिथला बल्ब बदलला होता ना, त्यात हाही, आणि तेव्हापासून बोर्ड वापरायची वेळच आली नव्हती. त्याला पेटायला नखभर वीज पुरते, धडधाकट ट्रान्सफॉर्मर घेतो तेवढ्यावरही तो लख्ख पेटतो. त्याच्या दृष्टीनं जगातलं प्रत्येक मशीन नापास. ट्रान्सफॉर्मर जळलाच नव्हता. जळलं होतं माझं डोकं. बाबा सकाळपासून बल्ब दाखवत होते, आणि मला वाटत होतं ते उजेड दाखवतायत.

आणि मागच्या आठवड्यात ताईंच्या मागे मागे फिरत ते हो हो करत होते. नको, तो बल्ब काढू नको, म्हणत होते. नाही म्हणायलाही बिचाऱ्यांकडे हो एवढंच होतं.

मी त्यांच्या गळ्यातच पडले. तेवढ्यात दार उघडलं. चार वाजायला अजून अवकाश होता, पण ताई कुठेही लवकरच पोचतात.

"बाबा! अहो, तारा! करंट लागेल!" त्या हातातली पिशवी टाकून धावल्या.

"ताई, थांबा. तिथेच थांबा आणि त्यांचा उजवा हात बघा."

"कुठाय हात? काय झालं हाताला?"

"खिशात आहे. त्यांनी स्वतः घातलाय. मशीनला हात लावायच्या आधी."

ताई बघत राहिल्या. त्या दुकानात कधी काम करायला बसल्या नव्हत्या, पण याच घरात वाढल्या होत्या. जेवायला बसताना बाबांचा एक हात सवयीनं खिशात असायचा आणि आई त्यावरून चिडवायची, हे त्यांनीच मला सांगितलेलं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. मी दिव्याचं सांगितलं तेव्हा त्या जिन्याच्या पायरीवर, बाबांच्या कपड्यांच्या पिशवीशेजारी बसल्या.

"म्हणजे त्या दिवशी ते मला ओरडत होते?"

"हो."

"आणि मी म्हटलं, बाबांनाही पटलं." त्यांनी कपाळाला हात लावला. "जुने बल्ब टाकले नाहीत मी. टाकवेनात. नव्यांच्या खोक्यांत घालून माळ्यावर ठेवलेत."

आजवर या बाईच्या टापटिपीवर मी किती तोंडसुख घेतलं असेल, देव जाणे. त्या दिवशी त्या टापटिपीला मी हात जोडले. जुना बल्ब ताईंनीच आणला, ताईंनीच बसवला. अ‍ॅम्प्लिफायरची जोडणी पुन्हा केली. बाबांनी वाकून एकेक सांधा तपासला. मी डावा हात खिशात घातला आणि बटण दाबलं.

बल्ब पिवळा चमकला, आणि मंद झाला. मंद होत होत विझलाच.

पास! मी लहान पोरीसारखी ओरडले. मग सरळ लाइनवर लावलं, मीटरनं दोन्ही बाजू मोजल्या, अधिक आणि उणे, अगदी सारख्या. स्पीकर जोडला, रेडिओ लावला, आणि कोणीतरी बातम्या देणारा माणूस दुकानभर घुमला. त्याच्या बातम्या काय होत्या कोण जाणे. आम्ही तिघं त्याच्याकडे तो घरी आलेला पाहुणा असल्यासारखे बघत होतो.

ताईंनी रेडिओ बारीक केला आणि बाबांसमोर उभ्या राहिल्या. "बाबा, तुम्हाला सगळं कळतं का?"

"हो."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. तोच हो. डॉक्टरांना दिलेला, चहाला दिलेला. एवढं सगळं होऊन आम्ही पुन्हा त्याच जागी.

पण बाबांचं बोट बोर्डावर टकटक करत होतं. बटणावर. मला क्षणभर कळेना, आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी बोर्डाच्या सॉकेटमध्ये दोन्ही पिना एका वायरीनं जोडलेला तो तुकडा खोचला, ज्यानं आम्ही नुसता बल्ब तपासतो, आणि बल्ब पेटला. आता बटण चालू केलं की बल्ब पेटणार, बंद केलं की विझणार.

"विचारा, ताई. पेटला तर हो. विझला तर नाही."

ताईंनी ओढणीनं नाक पुसलं. काय विचारावं सुचेना, म्हणून त्यांनी तो जुनाच प्रश्न विचारला. "तुम्ही बाई आहात का?"

"हो!" बाबा खेकसले, आणि खट्कन बटण बंद केलं. लेकीकडे असं बघितलं, असं बघितलं, की शाळेतली प्रगतीपुस्तकं आठवावीत.

ताई हसल्या. हसता हसता रडल्या. मग पायरीवरच्या पिशवीकडे न बघता, फार हळू म्हणाल्या, "बाबा, तुम्हाला तिकडे जायचंय का?"

बल्ब विझलेलाच होता. मला वाटलं, आता हे कसं कळायचं? पण ते बाबा आहेत, त्यांना अर्धवट काम चालत नाही. त्यांनी आधी बटण चालू केलं, बल्ब पेटू दिला, आम्हा दोघींना नीट दिसेपर्यंत थांबले. मग "हो" म्हणाले, आणि बंद केला. आणि बोट बटणावरून उचललं नाही. कोणी पुन्हा लावू नये म्हणून धरून ठेवतात तसं धरून ठेवलं.

कोणी लावणार नव्हतं. ताई उठल्या, पिशवी उचलली आणि वरच्या खोलीत जाऊन कपडे पुन्हा कपाटात लावायला लागल्या. घड्या घालून, रंगाप्रमाणे. कपाटाच्या दाराचा आवाज खालपर्यंत येत होता.

मी बाबांजवळ स्टूल ओढलं. सतरा वर्षांत मी त्यांना कधी तोंडानं म्हटलं नव्हतं, म्हणून तेव्हा म्हटलं. "बाबा, तुम्ही मला हे काम दिलंत. नाहीतर मी आयुष्यभर भांडी आपटत राहिले असते. माझ्या कुर्त्यांना खिसे लावलेत. आज पुन्हा माझा जीव वाचवलात. तुमचे उपकार मी कुठे ठेवू?"

बाबांनी नुसतं माझ्या कुर्त्याच्या डाव्या खिशाकडे पाहिलं.

मला परत रडू यायला लागलं, आणि रडणं मला शोभत नाही, म्हणून विषय बदलला. "सकाळी तुमच्यावर ओरडले. राग आला होता?"

"हो," म्हणाले, आणि बल्ब विझलेलाच ठेवला.

"बरं, मी तापट आहे का?"

"हो," बाबा म्हणाले, आणि माझा प्रश्न पुरता संपायच्या आत बल्ब पेटला होता.